ओईवाच्या उजव्या खिशातल्या गोळ्या

ओईवा पिइराइनेनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सॉ मिलची पाळी सहाची, पण लाकडे आत आणणे, चूल पेटवणे, कुत्रीला खायला घालणे आणि दोन कप कॉफी यात घाई केलेली त्याला खपत नसे. त्याच्याबरोबर मी फळ्यांच्या आवारात वीस वर्षे काढली. ओली फळी खांद्यावर घ्यायची, थरावर नेमकी ठेवायची आणि दोन फळ्यांमध्ये वारा खेळेल अशी फट सोडायची. ओईवाच्या थरातली फळी कधी वाकली नाही. दुसऱ्याचा थर तिरका दिसला तर तो बोलायचा नाही, थर उतरवून पुन्हा रचायचा. शिव्या देणारा माणूस परवडला असता.

शिकारीतही तो तसाच. त्याच्याकडे एकच रायफल होती, बापाची. तिनेच तो मूस, म्हणजे पसरट शिंगांचे थोराड हरीण, मारायचा आणि तिनेच मेत्सो. मेत्सो म्हणजे टर्कीएवढा काळा पक्षी, पाइनच्या शेंड्यावर बसतो. दोघांना गोळी वेगळी लागते. पक्ष्यासाठी सगळी तांब्याच्या कवचातली टोकदार गोळी, मागे बंदुकीची दारू निम्मी. ती आरपार जाते, बारीक भोक पाडते, मांस नासत नाही. मूससाठी टोकाला शिसे उघडे असलेली, जड. ती आत शिरली की फुलते आणि घोड्याहून मोठे जनावर जागेवर बसते. मूसला पक्ष्याची गोळी घातली तर तो मरतो, पण दोन दिवसांनी आणि दलदलीत कुठेतरी. कायद्याने बंदी आहे, आणि आमच्या शिकारी टोळीत कायद्याहून जास्त.

काडतुसे ओईवा घरीच भरायचा. बाकीचे लोक पक्ष्याच्या काडतुसाच्या बुडाला रंग लावतात किंवा वेगळी पेटी ठेवतात. ओईवाच्या बापाचा नियम होता: उजवा खिसा मूसचा, डावा पक्ष्याचा. टोळीचा म्होरक्या रेइनो दर हंगामात त्याला रंगाची डबी देऊ करायचा. ओईवाचे उत्तर ठरलेले होते.

"ज्याला स्वतःचा खिसा ओळखू येत नाही, त्याने रंग लावावा."

त्या ऑक्टोबरात शुक्रवारी पाळी संपल्यावर तो मेत्सोला गेला. गार पावसात भिजून, बोटे बधिर होऊन परत आला. डाव्या हातात मेलेला पक्षी होता, म्हणून रायफल रिकामी केली ती उजव्या हाताने आणि गोळ्या टाकल्या त्या उजव्या खिशात. हे आम्हाला नंतर कळले. शनिवारी पहाटे अंधारात त्याने त्याच खिशातून रायफलचे मॅगझिन भरले.

आमचे जंगल पूर्वेला सीमेपर्यंत जाते. सीमेच्या अलीकडे झाडांना पिवळे पट्टे मारलेले आहेत. पट्ट्यापलीकडे परवान्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, बंदूक घेऊन तर नाहीच. त्याच्याही पलीकडे रशियनांचे कुंपण. मागच्या हंगामात शेजारच्या टोळीचा कुत्रा मूसमागे तिकडे गेला. त्याच्या गळ्यातला पट्टाही परत आला नाही.

ओईवाची कुत्री हाल्ला, करडी, शेपूट पाठीवर वळलेली. तिने दुपारी स्प्रूसच्या दाट झाडीत मूसचा एक नर अडवला. अशी कुत्री चावत नाही. समोर नाचत भुंकत राहते आणि मूस तिच्यावर डोळा ठेवून उभा राहतो. ओईवा पुढे सरकला, मी त्याच्या मागे. त्याने नेम धरायला हवा तेवढा वेळ घेतला. गोळी सुटली. नराच्या कातड्यावर एक शहारा गेला, माशी बसल्यासारखा. मग तो वळला आणि चालू लागला. पळालासुद्धा नाही. हाल्ला त्याच्या मागे.

शेवाळावर रक्त होते, पण दोऱ्यासारखे. ओईवा ते बोटावर घेऊन बघत राहिला. नेम हलला नव्हता, मी पाहिले होते. त्याने वॉकीटॉकीवर रेइनोला सांगितले. आमच्याकडे रीत आहे की जनावर जखमी झाले की आधी आग पेटवायची, कॉफी प्यायची. त्याला आडवे पडायला वेळ द्यायचा. मागे लागलात तर ते जीव असेपर्यंत चालत राहते. रेइनोने तेच सांगितले. हलू नका, कॉफी प्या.

आम्ही बसलो. मी राय नावाच्या धान्याची भाकरी काढली. ओईवाने कप हातात धरला आणि प्यायला नाही. हाल्लाचे भुंकणे ऐकू येत होते आणि प्रत्येक वेळी जरा लांबून. पूर्वेकडून.

"आडवा पडत नाहीये तो," ओईवा म्हणाला.

मी म्हटले, रेइनोने सांगितलंय.

"रेइनोची कुत्री नाही तिकडे."

त्याने कॉफी आगीवर ओतली आणि उठला. रेइनोला मी कळवले. तो वॉकीटॉकीवर बराच वेळ बोलला, त्यातले इथे लिहिण्यासारखे एवढेच की ओईवा पट्ट्यापलीकडे गेला तर त्याने टोळीत परत यायची तसदी घेऊ नये.

दलदल ओलांडताना ढोपरापर्यंत पाणी होते. ओईवा पन्नाशीचा, मीही, आणि दोघांनी आठवडाभर फळ्या उचललेल्या. तो एकदाही थांबला नाही. रक्ताचा थेंब कुठेतरी एखाद्या पानावर सापडायचा आणि मग कितीतरी वेळ काही नाही. सूर्य गेला. पाइनचे बुंधे दिसत होते, फांद्या नाहीत.

मग भुंकणे एकाच जागेवरून येऊ लागले. आम्ही ओणवे होऊन चढ चढलो. खालच्या उतारावर नर उभा होता, पाय फाकवून, मान खाली. त्याच्या मागे दगड फेकला तर पोचेल इतक्या अंतरावर पाइनवर पिवळा पट्टा होता. तेवढा अंधारातही दिसत होता. हाल्ला नराच्या आणि त्या झाडाच्या मधे होती, आमच्या बरोबर समोर. त्याला ती पलीकडे जाऊ देत नव्हती. किती वेळ जमले असते कोण जाणे. त्याने चार पावले टाकली असती तर तिनेही टाकली असती.

ओईवाने नळीमागचा बोल्ट हळूच मागे घेतला, नळीत काडतूस नीट बसलेय का ते बघायला. अंधारात दिसण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्याने टोकावर अंगठा दाबला; नख रुतले नाही, घसरले. अंगठा तिथेच राहिला.

"मेत्सोच्या आहेत," तो कुजबुजला.

मला आधी समजले नाही.

"सगळ्याच असणार. दुपारचीही तीच."

ती गोळी आता झाडली असती तर नरातून आरपार गेली असती आणि मागे हाल्ला होती. त्याने मॅगझिन आवाज न करता रिकामे केले, गोळ्या टोपीत टाकल्या. मग उजव्या खिशात हात घातला. खिशात दोन्ही जातीच्या एकत्र. वजनात फरक होता, पण ज्या बोटांना दलदलीने गारठवले होते त्यांना तो लागत नव्हता. विजेरी लावली असती तर नर गेला असता. माझी रायफल वेगळ्या मापाची, तिची काडतुसे त्याच्या नळीत बसत नव्हती. रायफलच पुढे करायची मी हिंमत केली नाही. शिवाय त्याने घेतली नसती.

तो एकेक काडतूस काढून टोकाला नख लावू लागला. तांब्यावर नख घसरते, शिशात रुतते. पण नखे भिजून मऊ झाली होती. एक टोपीत. दुसरे टोपीत. नराने एक पाय उचलला आणि पुन्हा ठेवला. हाल्लाचा आवाज बसत चालला होता. तिसरे काडतूस ओईवाने तोंडात धरले आणि टोक दातांनी चावले. मला वाटले, याचे डोके फिरले. त्याने ते बाहेर काढले, टोकावरून जीभ फिरवली, पुन्हा चावले. मग नळीत घातले आणि बोल्ट पुढे ढकलला.

"शिसं आहे," तो म्हणाला. "एकच."

मी विचारले, आणखी शोधू का. त्याने मान हलवली. वेळ नव्हता.

तरी त्याने चाप ओढला नाही. गोळी आत राहायला हवी, पण राहतेच असे नाही, आणि रेषेत कुत्री होती. त्याने वाट पाहिली. हाल्ला उजवीकडे सरायची, पुन्हा परत यायची. नराने मान वर केली, वळला, पहिले पाऊल टाकले. त्याला अडवायला हाल्ला त्याच्या नाकासमोर झेपावली आणि नराच्या फासळ्यांपलीकडची रेषा मोकळी झाली.

गोळी लागल्याचा ओला आवाज ऐकू आला. नर पुढच्या गुडघ्यांवर आला आणि कुशीवर पडला. शिंगे पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे राहिली. हाल्ला त्याच्या मानेवर चढून बसली आणि भुंकायची थांबली. ओईवा तिथेच बसला. त्याचे दात वाजत होते. थंडीने असतील.

नर बाहेर काढायला सगळी टोळी आणि ट्रॅक्टर लागला. मांस कापायच्या शेडमध्ये त्याला टांगले, रेइनोने सुरी काढली. ओईवा म्हणाला, थांब. चामडे उतरले की दोन भोके दिसणार होती आणि पहिले कुठल्या गोळीचे हे आंधळ्यालाही कळले असते. पण त्याने ते दिसायची वाट पाहिली नाही. टोपी टेबलावर उपडी केली. तांब्याची टोके दिव्याखाली चमकली.

"पहिली गोळी यातली होती. माझ्या खिशातून आली. दुपारपासून जनावर माझ्यामुळे चाललं."

रेइनोने एक काडतूस उचलून दिव्याकडे धरले.

"निम्मी दारू?"

"निम्मी."

"म्हणजे पक्षी मारायला निघाला होतास. बरा मोठा मिळाला."

कोणीतरी हसले. रेइनो हसला नव्हता. त्याने सांगितले, उरलेल्या हंगामात ओईवाने बंदूक घरी ठेवायची, कुत्री घेऊन जनावर उठवणाऱ्या हाकाऱ्यांबरोबर चालायचे. दंड वाटला होता तितका कडक नव्हता, आणि ते ओईवाला जास्त लागले असावे. त्याने विचारले, आणि पुढच्या हंगामात. रेइनो सुरी पुसत म्हणाला, ते तुझ्या खिशाला विचार.

नोव्हेंबर संपेपर्यंत तो हाकाऱ्यांबरोबर चालला. रिकाम्या हातांनी, सर्वांत ओल्या बाजूने, न सांगता. रंगाची डबी त्याने घेतली नाही. मला वाटले, अजून माज आहे. एकदा फळ्या रचताना मी ते बोलूनही दाखवले. तो म्हणाला, रंग अंधारात दिसतो का?

त्या हिवाळ्यात ओईवाने मिळेल ती जादा पाळी घेतली. रविवारीही. वाऱ्यात फळ्यांवरचे बर्फ फावड्याने काढायचे काम कोणी घेत नाही, ते त्याने घेतले. त्याची बायको साइमा विचारायची, एवढे कशाला. तो सांगायचा नाही. मार्चमध्ये त्याने शहरातून एक लांब पुडके आणले आणि ते तिच्यासमोरच उघडले. आत लहान मापाची नवी रायफल होती, फक्त मेत्सोसाठी. मूसचे काडतूस तिच्या नळीत शिरतच नाही, आणि तिचे काडतूस बापाच्या रायफलीत ठेवले तर सरळ खाली घरंगळते.