झेंड्याची मागची बाजू

सौदी अरेबियाचा झेंडा जगात एकाच माणसाला नीट कळला होता, आणि तो माणूस राजापूरचा होता. जेद्दाच्या बलद भागात मी एसी दुरुस्त करतो. आमच्या खोलीच्या खालीच या शिंपीचाचांचं दुकान होतं. माझ्या पँटचा एक पाय ते हमखास बोटभर लांब शिवायचे आणि तक्रार केली की म्हणायचे, "तूच वाकडा उभा राहतोस रे." पण झेंड्यात सुताइतकी चूक त्यांना सोसायची नाही. त्याचा हिरवा रंग कसला, हे सांगताना ते सगळा भाजीबाजार फिरवून आणत: "भेंडीचा नाय, पालकाचा नाय, कारल्याचा तर नायच नाय!" मग कोणता, ते मात्र तीन चहा झाले तरी कळत नसे. पांढऱ्या अक्षरांत कलमा, म्हणजे अल्ला एकच असल्याची ग्वाही, त्याखाली तलवार. तिची मूठ उजवीकडे आणि टोक डावीकडे, कारण अरबी जिकडे धावते तिकडेच तलवार धावणार. मागून पाहिलं तरी कलमा सुलटाच वाचता यायला हवा, म्हणून दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवायची. आणि कलमा असल्यामुळे हा झेंडा कुणाच्याही मरणात अर्ध्यावर उतरत नाही, ही माहिती ते नेमकी गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप आवळताना देत.

एकदा राष्ट्रीय दिन तोंडावर आला असताना समोरच्या हॉटेलने भला मोठा झेंडा लावला. चाचा मागच्या गल्लीत जाऊन बघून आले ते थेट मॅनेजरच्या अंगावर धावले. एकाच कापडावर छापलेला तो झेंडा मागून आरशातल्यासारखा उलटा दिसत होता.

"मागून कोण बघतंय? खलास, यल्ला, निघा!" मॅनेजर म्हणाला.

"मागच्या गल्लीत काय माणसं राहत नाहीत?" चाचा आपल्या राजापुरी अरबीत ओरडले.

मॅनेजरने सरळ त्यांच्या कफीलला, म्हणजे ज्याच्या जामिनावर चाचा इथे राहत त्या सौदी मालकाला, फोन लावला. कफीलने मनात आणलं असतं तर राहण्याचा परवाना, इकामा, रद्द आणि चाचा पुढच्या विमानाने घरी. मी त्यांची बाही ओढली. "चाचा, माफी मागून मोकळे व्हा."

"शिलाई बिघडली तर शिंप्याने माफी मागायची. ही शिलाई माझी नाय."

म्हातारा कफील काठी टेकत आला. थेट मागच्या गल्लीत गेला, मान वर करून ओठ हलवत वाचू लागला आणि पहिल्याच शब्दाला अडला. परत येऊन मॅनेजरला म्हणाला, "उतरव." मग चाचांकडे वळला. "तू शिव."

दोन दिवस दुकानाला कुलूप. तिसऱ्या दिवशी दुपारी नवा झेंडा चढला, तेव्हा कफील पुढच्या रस्त्यावर उभा होता आणि चाचा मागच्या गल्लीत. मी कोपऱ्यावर होतो, त्यामुळे मला दोघेही दिसत होते. दोघांचेही ओठ हलत होते.

गेल्या वर्षी डोळे अधू झाले आणि चाचा कायमचे राजापूरला गेले. दर शुक्रवारी फोन करतात. गुडघ्याचं दुखणं, नातवंडांच्या खोड्या, सगळं सांगून होतं, मग जरा थांबून विचारतात, "आज तिकडे वारा हाय काय रे?"

खिडकीबाहेर पान हलत नसतं, हॉटेलवरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत असतो. मी म्हणतो, "आहे चाचा. चांगला जोरात आहे."

"मग बरं," म्हणतात, आणि फोन ठेवायचं विसरून तसेच बसून राहतात.