समाधीजवळचा हरभरा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आपल्या शेतात पणजोबांचं भूत होतं, हे खरं का. तुमच्या बाबांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आहे. तेव्हा तो लहान होता, त्याला तेवढीच ठाऊक आहे. पुरी गोष्ट ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते. मराठी वाचायला अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. फक्त दिवसा वाचा.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. तुमचे आजोबा तिथल्या नव्या कचेरीत लागले होते आणि रविवारी तेवढे चाकूरजवळच्या आपल्या गावी येत. घरी माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, माझा धाकटा दीर, मी आणि तुमचे बाबा. माझे सासरे, म्हणजे मामंजी, आदल्या वर्षी गेले होते. आपल्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात, शेत असेल तर आपल्याच शेतात. मामंजी ओढ्याकाठच्या रानात कडुलिंबाखाली बसले आहेत. वर दगडमातीचा छोटा ओटा आहे. आम्ही बोलतानाही 'बसले आहेत' असंच बोलतो.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हटलं तरी चालेल. ज्वारी वीतभर येऊन करपली. ओल राहिली ती फक्त ओढ्याकाठच्या खोलगट रानात, म्हणून तिथे हरभरा पेरला. समाधीच्या बाजूच्या अर्ध्या रानात दिराने तालुक्याहून आणलेलं नवं, टपोऱ्या दाण्याचं वाण. बांधापलीकडे आत्याबाईंचं गावरान, बारीक आणि तांबूस, त्यांनी लग्नानंतर माहेराहून, उमरीकडून आणलेलं. वर्षभर घरात जे शिजणार होतं आणि पुढच्या पेरणीला जे बी लागणार होतं, ते सगळं या एका रानात उभं होतं.

नवं वाण आधी पिकलं, आणि सगळं एकदमच; घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, झाडावरच वाळून गेले. गावरान मागे होतं, कुठेकुठे अजून हिरवं. काढणीला बायका मिळेनात, सगळ्या नव्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात.

"वाळलंय ते वाळलंय, वैनी. पळून कुठं जायलंय?" दीर म्हणाला. "गावरान पिकू दे, सगळंच संगं उपटू."

एका दुपारी आम्ही तिघं लिंबाखाली भाकरी खात होतो. वारा अजिबात नव्हता. रानात कुठेतरी 'टक्' असं वाजलं. थोड्या वेळाने, जरा अलीकडे, पुन्हा टक्. मग समाधीच्या अगदी मागे.

मामंजींना फुटाण्यांचा भारी नाद होता. कुडत्याचा खिसा कायम भरलेला. बांधाने फिरताना एकेक फुटाणा दाताखाली फोडत, आणि त्या आवाजावरून आम्हाला कळे की ते कुठवर आले. आत्याबाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि डोक्यावर पदर घेतला. मामंजी अंगणात आले की त्या घेत, अगदी तसा.

"ऐकायलीस का?"

"घाटे तडकत असतील, आत्याबाई."

"मग बांधापल्याड माझ्या हरभऱ्यात का तडकंनात?"

मी कान दिला. बांधापलीकडे खरंच काही वाजत नव्हतं.

दीर हसला. "अप्पा फुटाणे खायलेत, माय. खाऊ दे की. भाजायचं सरपण वाचलं."

"गप रे. तुझं इकतचं बी त्यांच्या उशाला पेरलास, म्हणून फिरायलेत ते."

त्यांनी सांगून टाकलं, स्वामींच्या हातून समाधीची पूजा आणि नैवेद्य होईपर्यंत त्या रानात कुणी पाय टाकायचा नाही. आपले जंगमस्वामी पाहुण्यांकडे कंधारला गेले होते. निरोप गेला, पण ते काही येईनात. दीर एकदा सकाळीच उपटायला निघाला, तर आत्याबाई बांधावर जाऊन बसल्या. "जायचं आसंल तर माझ्यावरून जा." तो परत फिरला. त्यानंतर त्या रोजच तिथे राखणीला बसू लागल्या.

मग उन्हं तापली आणि झळा सुटल्या. आता एक टक् ऐकून दुसऱ्याची वाट बघावी लागत नव्हती. रानभर, चारी बाजूंनी, बारीक बारीक टकटक चालायची. पंगत बसावी आणि कुणीच कुणाशी बोलू नये, तसं वाटे. मला कारण ठाऊक होतं, तरीही त्या रानाकडे पाठ करून मी चालत नसे. रस्त्याच्या कामावरून परतणाऱ्या बायकांनी आमची पायवाट सोडली. एकीने लांबूनच हाक दिली, "काकू, तुमच्या रानात कोण जेवायलंय वो?" बाकीच्या हसल्या, पण पावलं उचलूनच गेल्या.

आणि एका दुपारी ते थांबलं. त्याच उन्हात, त्याच झळांत, रान गप्प. हरभरा होता तसा उभा होता, झाडोझाडी घाटे लटकत होते. आत्याबाईंनी समाधीला हात जोडले.

"निवले," त्या म्हणाल्या. "पोट भरलं."

सोमवारी स्वामी आले, पूजा झाली, नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही काढणीला गेलो. हरभरा दहिवरातच उपटायचा असतो, तेव्हा घाटे ओलसर असतात आणि हिसक्याने फुटत नाहीत. दिराने पहिलं झाड जोर लावून ओढलं आणि तो मागे कोलमडला. झाडाला वजनच नव्हतं. घाटे सगळे जागेवर होते, पण प्रत्येक मधोमध उकललेला, आत काही नाही. कुठे एखादा मिटलेला, बाकी सगळे तसेच. दुसरं झाड तसंच, तिसरं तसंच. लांबून भरलेलं दिसणारं ते रान रितं होऊन उभं होतं.

दाणे खाली होते. काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या. मी एका भेगेत बोटं घातली तर दाणे लागले, पण धरायला गेले की घरंगळून आणखी खोल जात. खाली जातानाचा त्यांचा आवाज बराच वेळ येत राही.

आत्याबाई बांध ओलांडून आपल्या गावरानात गेल्या. एक झाड उपटून त्यांनी कानाशी हलवलं. मिटलेल्या घाट्यांतून भरल्या दाण्यांची खुळखुळ आली. झाड हातात धरून त्या तिथेच खाली बसल्या.

"मी राखण बसले," त्या म्हणाल्या, "अन् माझ्या म्होरं रान रितं झालं."

दिराला बोलायला जागा होती. तो फक्त म्हणाला, "ऊठ माय. ऊन यायच्या आत हे तरी नेऊ."

गावरान सगळं हाती आलं. घरी आल्यावर खाण्याआधी आत्याबाईंनी बियाण्याचं गाडगं भरलं, राख मिसळली आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकलं. ते वर्ष दिराने आणि मी रस्त्याच्या कामावर जाऊन काढलं. कित्येकदा नुसतं पातळ पिठलं जेवलो. गाडग्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. घाटे तडकत होते. ते नवं वाण लवकर पिकायचं आणि उन्हात उभं ठेवलं की उघडायचं. गावरान उशिरा यायचं आणि घाटे घट्ट मिटून धरायचं. थांबलो नसतो तर दोन्ही घरात आली असती.

एवढंच मात्र मला उलगडलेलं नाही. त्या पहाटे समाधीच्या ओट्यावर नव्या हरभऱ्याचे मूठभर दाणे होते, एका जागी, टरफल एकही नाही. तडकलेल्या घाट्यातून दाणा तेवढ्या उंचीवर जात नाही, आणि उंदीर असता तर त्याने ते खाल्ले असते. आत्याबाईंनी ते उचलले नाहीत, आम्हालाही उचलू दिले नाहीत. आठवड्याने मी पाहिलं तेव्हा ओटा साफ होता.

आत्याबाई गेल्या, दीर गेला, ते नवं वाणही आता कुणी पेरत नाही. ओढ्याकाठचं रान दिराचा मुलगा कसतो आणि समाधीच्या बाजूला थोडं गावरान दर वर्षी पेरतो. पहाटे, वेळेवर काढतो. त्यातलं बी माझ्या लातूरच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, त्याच गाडग्यात राखेत ठेवलेलं आहे, आणि ते अजून उगवतं.