विटकरीने लिहिलेली वाढीव कामं

छोटी बांधकामं घेणाऱ्या आम्हा लोकांची एक पद्धत आहे. काम चालू असताना मालकाने काही वाढवलं-घटवलं की ते विटकरीच्या तुकड्याने उघड्या भिंतीवर लिहायचं, पुढे रक्कम टाकायची. मालकाने मान डोलावली की ठरलं. गिलावा करण्याआधी ते वहीत उतरवून सही घ्यायची.

होटगी रोडला शाळेपासूनच्या मित्राचं घर बांधलं, तेव्हा ही सही राहिली. राहिली कसली, मीच घेतली नाही. जिना रुंद केला, वर एक बाथरूम वाढवली, ओटा पूर्वेला फिरवला. प्रत्येक वेळी तो हॉलच्या भिंतीपाशी उभा राहून वाचायचा आणि मान डोलवायचा. गिलाव्याच्या दिवशी वही माझ्या खिशातच होती. पण ज्याच्या डब्यातली भाकरी शाळाभर खाल्ली, त्याच्याकडे सही मागायला जीभ रेटेना. गवंड्याला म्हटलं, मार गिलावा.

शेवटच्या बिलात वाढीव कामाचे दोन लाख निघाले. गवंडी आणि सेंट्रिंगवाल्यांची थकलेली मजुरी त्यातूनच द्यायची होती. ती माणसं माझ्या शब्दावर थांबली होती. मित्राने बिल वाचलं, चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि शांतपणे म्हणाला, "हे कुटं लिहिलंय, दाखव की."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसलोसुद्धा.

मग त्याने मोबाईल पुढे केला. त्याच भिंतीचा फोटो, माझंच अक्षर. कोनाडे रद्द, गच्चीचा कठडा कमी. लिहिलेलं एवढंच आहे, म्हणाला, आणि ते तू वजा केलंयस, बाकीचं मला माहीत नाही. फोटो नेमका वाढीव कामं सुरू व्हायच्या जागी कापला होता. खालच्या कडेला 'जिना' या शब्दाची नुसती शिरोरेघ आणि वेलांटी उरली होती. मी तिच्यावर बोट ठेवून विचारलं, "आन् हे काय हाय?"

त्याने पाहिलं. मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाला, "वास्तुशांतीला वहिनींना घेऊन ये."

मजुरी मी काँक्रीटचा मिक्सर विकून भागवली. पैशाचा राग हळूहळू गेला. पण फोटो कापायचा म्हणजे कुठून कापायचा हे बघायला त्याने ती जिन्याची ओळ वाचली असणार, नीट, शेवटपर्यंत. ते मला अजून सहन होत नाही.