चहा घेणार का कोणी?

निवृत्तीनंतर बाबा, म्हणजे सोसायटीचे अण्णा, तिथल्या क्लबहाउसमध्ये पोकर शिकले. पण रविवारच्या स्पर्धेत नेहमी हरायचे. उत्तम पानं आली की ते खुशीत विचारायचे, "चहा घेणार का कोणी?" समोरचे कुलकर्णीकाका लगेच पानं टाकून डाव सोडायचे. "अण्णांनी चहा विचारला, पॅक करा रे!" बाबांना ती थट्टाच वाटायची.

"माझं चुकतं कुठे गं?" त्यांनी एकदा विचारलं, आणि मी सांगून टाकलं, चहाचं विचारलंत की सगळ्यांना तुमची पानं कळतात.

या रविवारी ते चहाचं न विचारता, चेहरा मिटून खेळले आणि जिंकले. आनंद लपवायला मी शाळेतच शिकले होते. तो मिटलेला चेहरा माझाच होता. बाबांवर तो मला बघवेना.

बाहेर पडताच मी विचारलं, "बाबा, चहा घेणार?"

ते थबकले, मग हसले. "तुला कसली पानं आलीत गं?"

मी त्यांचा हात धरला.