एकाच नंबरचा चष्मा

राशिदसर गेल्याची बातमी मला संगणकाने सांगितली. माझी नजर गेल्याला सात वर्षं झाली. पडद्यावरचा मजकूर एक यांत्रिक आवाज मला वाचून दाखवतो. त्या सकाळी त्याने आधी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकची सूचना वाचली आणि त्याच सुरात, न थांबता, 'राशिदसर आज पहाटे हृदयविकाराने गेले'... मी ते वाक्य तीनदा वाचून घेतलं.

शोकसभेत आमचे मॅनेजर म्हणाले, "सर सगळ्यांशी जुळवून घ्यायचे." साफ खोटं. त्यांनी जन्मात जुळवून घेतलं नाही, आणि घेतलं असतं तर मी आज नोकरीत नसते.

सर आमच्या टीममधले सगळ्यात ज्येष्ठ प्रोग्रामर. शनिवार पेठेत त्यांच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. आधी काम विचारायचं, मग पाना उचलायचा, ही तिथली शिस्त ते सॉफ्टवेअरमध्ये घेऊन आले. कुणी नवख्याने विचारलं, "सर, कोड लिहायला बेस्ट एडिटर कुठला?" की यांचं ठरलेलं, "करायचंय काय?" एडिटर म्हणजे शेवटी कोड लिहायचं हत्यार. सर्व्हरवर दोन ओळी बदलायच्या तर साधा, माउससुद्धा न लागणारा. वीस वर्षांचा गुंतलेला कोड सोडवायचा तर कुठून काय जोडलंय ते दाखवणारा अवजड. आणि माझ्यासाठी तो, ज्यातलं सगळं माझ्या संगणकाचा आवाज वाचू शकेल.

मग वरून आदेश आला, सगळ्यांनी एकच नवा एडिटर वापरायचा. मीटिंगमध्ये मला विचारलं तेव्हा मी भिडेपोटी "चालेल" म्हणून बसले. त्यातले चुकांचे इशारे तो आवाज वाचतच नव्हता. पंधरा दिवसांत माझ्या हातून सदोष कोड ग्राहकाकडे गेला आणि माझ्या जागी दुसरं कुणी बघावं, अशी कुजबुज सुरू झाली. सर आधी मलाच बोलले. "मेधा, चालेल म्हणालीस कशाला? तुझ्या भिडेने प्रोग्राम चालतो का?" मग मला घेऊन मॅनेजरांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, टीमला एकच स्टँडर्ड हवं ना," मॅनेजर म्हणाले.

"हवं की. उद्यापासून चष्मेही एकाच नंबरचे वाटा. आपल्यापासूनच सुरुवात करू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा जुना एडिटर स्वतः परत बसवला आणि 'मेधाच्या कामाला मी जबाबदार', असं लेखी दिलं. पुढे माझ्या चुका झाल्या नाहीत असं नाही. पण त्या माझ्या होत्या, हत्याराच्या नव्हत्या, आणि मला त्याचाही अभिमान वाटतो.

गेल्या आठवड्यात सरांचा संगणक माझ्याकडे आला. कामाच्या फायली काढून घ्या, मग पुसून दुसऱ्याला देऊ, असा निरोप होता. मी तो सुरू केला आणि तो बोलू लागला... सरांची नजर शाबूत होती. तरी त्यांनी वाचणारा आवाज बसवून घेतला होता, वेग शिकाऊ माणसाचा, अगदी संथ. एका फायलीत दहा एडिटरांची यादी होती आणि पहिल्या नऊ नावांपुढे शेरे. 'पडदा बंद करून दोन दिवस वापरला. इशारे ऐकू येत नाहीत. मेधाला नको.' हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, सगळ्यांच्या देखत.

तेवढ्यात खालच्या संगणक विभागातून फोन आला. "मॅम, मशीन फॉरमॅटला न्यायला येऊ?"

"येऊ नका. दहाव्या नावापुढचा शेरा लिहायचा राहिलाय. तो मी लिहिणार आहे, आणि पुढची नावंही."