सत्तर डिग्रीवरचा ठिपका

"अजून दोन डिग्री, काका!" असं म्हणत मॅडम जंतूंच्या तापपेटीच्या दारावर हात ठेवायच्या, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी गोंदियाच्या कॉलेजातला लॅब अटेंडंट. ती पेटी एवढी तापायची की वरच्या मजल्यावर विभागप्रमुख सरांच्या मिशा कुरळ्या झाल्या. खोटं वाटत असेल तर जाऊन मिशा पाहा.

मॅडम दवनीवाड्याकडच्या, आमच्याकडे संशोधनाला आलेल्या. जंतू आणले ते उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करणाऱ्या मिलच्या वाफाळत्या हौदातून. हे जंतू गरमीत खुशाल नांदतात. त्यांच्यात मॅडमनी थंडाव्यात वाढणाऱ्या एका जंतूचं एन्झाइम घातलं आणि वरून जंतुनाशक औषध. एन्झाइम शाबूत राहिलं तर ते औषध मोडतं, जंतू जगतो. गरमीनं नासलं, की जंतू खलास.

"मंग बापड्यायले कायले मारून राहिल्या?" मी विचारायचो.

"मारून नाही राहिली काका, निवडून राहिली. जो जगला, त्याचं एन्झाइम पक्कं. त्यालेच पुढं न्यायचं."

तुम्हाला समजलं? मला वर्षभर समजलं नाही. मान मात्र मी जोरात हलवायचो. एवढं कळलं होतं, की सत्तरवर एक जरी जगला तर मॅडमचं काम पुढं चालणार. नाहीतर उन्हाळ्यात पेटी बंद, मॅडम घरी.

एका सकाळी त्या ओरडल्या, "जगला काका, सत्तरवर जगला! सरांना आणते." आणि पळाल्या.

सर येणार म्हणून मी टेबल आवरायला घेतलं. जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटा दोन. एक गच्च भरलेली, दुसरीत एकच ठिपका. आम्ही धानवाले माणसं. अख्ख्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, एकच रोप उगवलं तर ती बांधी मोडतो. ठिपकेवाली टाकली ब्लीचच्या बादलीत. भरलेली ठेवली मधोमध, पुसून.

"ही तर बिनऔषधाची आहे, हिच्यात सगळेच जगतात," सर म्हणाले.

मॅडमनी बादलीत पाहिलं. "काऊन फेकली, काका?"

"पीकच नव्हतं तिच्यात."

मग मी शपथेवर सांगितलं, ठिपका होता, मी पाहिला. सर हसले. "तुम्ही तर परवा नवेगाव बांधच्या तलावात म्हशीएवढा मासा पाहिला होता."

त्या माशाचं... जाऊ द्या.

मॅडमनी पुन्हा अडुसष्टपासून सुरुवात केली. सत्तरची प्लेट रोज कोरी. मला एकदाही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर माझ्याकडे चार कारणं तयार होती. न रागावणाऱ्याला काय सांगायचं, तुम्हीच सांगा.

मे महिन्यात त्या गेल्या. बॅग घेऊन मी स्टेशनवर. गाडी हलायच्या बेतात असताना खिडकीतून म्हणाल्या, "काका, होता न तो? का मीच उगाच पाहिला?"

"होता, मॅडम. एकच होता. मोहरीहून बारीक."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून, की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे. तोवर गाडी पुलाखालून गेली होती.