एका हेल्मेटसाठी पिंप्राळा ते देवपूर

आमच्या घरातल्या एका खोलीला बायको 'छावणी' म्हणते आणि तिथे झाडू मारत नाही. गेली नऊ वर्षं मी सैन्याचं लिलावात निघालेलं जुनं सामान जमवतोय: पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, पाठपिशव्या, पट्टे, घोंगड्या. शिवाय महिन्यातून एकदा आम्ही सहा प्रौढ माणसं केळीच्या बागेत प्लॅस्टिकच्या छर्ऱ्यांच्या बंदुका घेऊन एअरसॉफ्ट खेळतो. केळीचा चीक कपड्यांवरून जात नाही, एवढं नव्या खेळाडूंनी लिहून ठेवावं.

रविवारी जळगावात आमच्या गटाचं प्रदर्शन होतं. शिंप्याकडून आणलेल्या पुतळ्यावर जुन्या काळातल्या जवानाचा पूर्ण संच चढवून दाखवीन, असं मी छाती ठोकून सांगून बसलो होतो. सगळं जमलं, फक्त लोखंडी हेल्मेट काही मिळेना. ग्रुपवर रोज कुणीतरी विचारायचं, "जवानाला डोकं मिळालं का?" नऊ वर्षांच्या छंदाची अशी शोभा होणार म्हणून माझी झोप उडाली होती.

अशात देवपूरच्या एका निवृत्त जवानाचा नंबर मिळाला. सगळे त्यांना नाना म्हणतात. फोनवर त्यांना पुतळ्याची अडचण सांगितली. "आहे माझ्याकडे, लिलावातून आणलेलं. पुढच्या शनिवारी या आणि घेऊन जा," नाना म्हणाले. मला फोनमधूनच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मग आमच्या छंदाचा पहिला नियम त्यांना बजावला: धुवायचं नाही, घासायचं नाही, हातच लावायचा नाही. मळ गेला की आमच्या लेखी वस्तू मेली.

"आठ दिवस हात लावायचा नाही?" नानांचा आवाज एकदम पडला.

"आठ दिवस."

"बरं," ते म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शनिवारी सकाळी सातला पिंप्राळ्याहून निघालो. गाडी संजूची, म्हणजे आमच्या संघातल्या सर्वात उत्साही आणि सर्वात आधी बाद होणाऱ्या गड्याची. त्याने पानापानांच्या छापाची पँट घातली होती आणि गुडघ्यांना पॅड बांधले होते. "अरे, हेल्मेट आणायला चाललोय, गड घ्यायला नाही," मी म्हटलं. पण ऐकेल तो संजू कसला!

एरंडोल मागे पडलं. पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजीसाठी थांबलो. संजूला उतरताना पाहून मालकाने चुलीजवळचं लाकूड घाईघाईने पोत्याखाली लोटलं आणि नम्रपणे अहिराणीत विचारलं, "फॉरेस्टवाले साहेब शेत का?" संजूने नाही म्हटलं नाही. शेव दुप्पट आली, पैसे मात्र पूर्ण घेतले. दोघांचे तीनशे साठ. भाजी जहाल आहे, दही आधीच मागून ठेवा.

धुळ्यात जुन्या सामानाच्या एका दुकानात डोकावलो. मालकाने एक बाटली दाखवली. "तीन लढायांतली आहे, सर." तिच्या बुडाला बारकोडचा स्टिकर होता. मी त्यावर बोट ठेवलं, तर म्हणतो, "चौथ्या लढाईची तयारी!" बाटली घेतली नाही, पण माणूस आवडला.

पांझरेचा पूल ओलांडून साडेअकराला देवपुरात पोचलो. नाना ताठ, मिशीवाले आणि कमी बोलणारे. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, परसातून ओरडल्या, "आधी जेवा, मंग बठ्ठं!" बाकी सगळं नंतर. पानात मांडे आले. एरवी पालथ्या मातीच्या खापरावरचा मांडा म्हणजे हातभर रुंद आणि रुमालासारखी घडी घातलेला. हे वाटीएवढे खोलगट होते, पण इतके पातळ आणि खमंग की दूध-तूप घालून मी चार खाल्ले. संजूने मोजणं सोडलं होतं.

हात धुऊन मी म्हटलं, "नाना, आता हेल्मेट बघू या का?"

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "तुम्ही त्याच्यावरचंच जेवलात."

मी परसात धावलो. तीन विटांवर माझं हेल्मेट पालथं, काजळीने काळंकुट्ट, आणि त्यावर माझ्यासाठी पाचवा मांडा फुलत होता.

"अहो, हे काय केलंत!" मी खरंच किंचाळलो.

"आठ दिवस हात नाही लावला," नाना म्हणाले. "आठ दिवस घरात मांडा नाही. आज ती ऐकेना."

"पाव्हना यी आन मांडा नई, आसं व्हस का भाऊ?" अक्का म्हणाल्या.

बरोबर आहे. पाहुणा जे न्यायला आलाय त्याच्यावरच त्याचं जेवण रांधणं, हे आमच्या खान्देशातच होऊ शकतं.

मग हळूहळू उलगडलं. अक्कांचा उजवा खांदा धरलाय. दोन्ही हातांवर झेलत मोठा मांडा वाढवणं आता जमत नाही. खापर धूळ खात पडलंय. हेल्मेटवरचा एवढासा मांडा तळहातांवर होतो. गेल्या महिन्यात त्यांना दोनदा भाजलं, म्हणून नानांनी त्यांना न विचारताच हेल्मेट मला देऊन टाकलं होतं. मी बघायला नाही, न्यायला आलोय, हे अक्कांना आत्ता कळलं.

त्यांनी वरचा मांडा काढून घेतला. हेल्मेट खाली उतरवलं, निवू दिलं, पदराने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "ल्या भाऊ. नानानी जबान दियेल शे." मग कणीक मळायची परात उचलून फळीवर पालथी घातली.

 मी हेल्मेट उचललं. आतल्या कडेला अंगठ्याला सैन्याचा शिक्का लागला, स्पष्ट आणि खोल. नऊ वर्षं शोधत होतो तेच हे.

"अक्का, हे चालायचं नाही," मी म्हटलं. "जाळ लागलाय. आमच्या कामाचं राहिलं नाही."

"पण शिक्का तर आतून चांगला..." नाना म्हणाले.

"नाना, गप्प बसा."

संजूने माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्याचे पॅड सोडून ते अक्कांना दिले. हेल्मेट धरायला. ते हाताला बरोबर बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या पॅडनी कुणाला तरी वाचवलं.

निघताना अक्कांनी डब्यात मांडे दिले आणि विचारलं, "आसं आखो एक भेटी का? जोडी व्हयनी म्हंजे पाव्हनास्ले वाट पहानी नई पडाव."

येताना गाडीत मी चिडलेलो होतो. उदार वगैरे काही वाटत नव्हतं.

रविवारी पुतळा बोडकाच उभा केला. डोक्याच्या जागी चिठ्ठी लावली: 'हेल्मेट सेवेत आहे. नेमणूक: देवपूर, अक्कांची चूल.' मित्र पोट धरून हसले. बायको पहिल्यांदाच प्रदर्शनाला आली होती. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. सोमवारी बघतो तर छावणी झाडलेली.

रात्री जेवताना अक्कांचा फोन आला. नानांनी त्यांना पुतळ्याचं सांगितलं असावं; प्रदर्शन कसं झालं, हे त्यांनी विचारलंच नाही.

"भाऊ, काल तुमना तो पुतळा दिनभर बोडकाच उभा व्हता ना?" त्यांचा आवाज खरंच काळजीचा होता. "त्याले ऊन तं नई लागनं?"